गाऱ्हाण्यात नाव कोणाचं?

गुणाजी परबांनी सकाळी दोन जणांना एकाच गोष्टीला होकार दिला आणि घरी येऊन डोक्याला हात लावून बसले.

बोरीवलीच्या त्यांच्या सोसायटीत, पार्किंगच्या कडेला, गणपतीचं छोटं देऊळ आहे. गुणाजी गिरणीत होते तेव्हापासून तिथला दिवा तेच लावतात. इतक्या वर्षांत चेअरमन किती आले नि किती गेले, आणि प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात देवळाचं काहीतरी सुचायचं. एकाने वास्तुशास्त्राप्रमाणे गणपतीचं तोंड पूर्वेला केलं. पुढच्याने गेटकडे केलं, म्हणजे आल्यागेल्याला दर्शन. त्याच्या पुढच्याने पार्किंगकडे केलं, म्हणजे गाड्यांवर नजर. गुणाजी दर वेळी आपलं आसन उचलायचे, देवाच्या नव्या तोंडासमोर टाकायचे आणि दिवा लावायचे. "चेअरमन बदलतत, गणपती तोच आसा," एवढंच म्हणायचे.

यंदा मात्र घोळ झाला. निवडणुकीत राजेश आणि रुचिरा मॅडमना सारखीच मतं पडली आणि दोघंही चेअरमन झाले. म्हणजे आपापल्या मनाने झाले. राजेशने सोसायटीचा शिक्का खिशात टाकला. मॅडमनी ऑफिसातली फिरती खुर्ची लिफ्टमधून आपल्या बेडरूममध्ये नेली. पाण्याचा पंप बिघडला होता, पण तो दुरुस्त करायचा हुकूम कोणी द्यायचा यावर भांडण चालू असल्यामुळे सगळी बिल्डिंग बादल्या भरत होती.

त्यात आज देवळाचा वर्धापनदिन. पूजेनंतर गुणाजी कोकणी पद्धतीने गाऱ्हाणं घालायचे. हातात नारळ धरून मोठ्याने देवाला साकडं, आणि दर वाक्याला लोकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्यात चेअरमनचं नाव पहिलं, हा मान.

"काका, 'अध्यक्ष राजेश' असं क्लिअर आलं पाहिजे हां," राजेशने सकाळीच गाठून सांगितलं. "नायतर देवळाची किल्ली उद्यापासून वॉचमनकडे."

पाचच मिनिटांत जिन्यावर रुचिरा मॅडम भेटल्या. "काका, नाव माझं घ्यायचं. नाहीतर मी कुलूपच बदलते."

"दोघांकय हो सांगून इलात?" त्यांच्या बायकोने, वनमालाबाईंनी, शिऱ्यासाठी रवा भाजता भाजता विचारलं.

"मग काय करू गो? खुर्चीचो मान आसा."

"खुर्ची तिच्या बेडरूमात आसा. तिका मान कसलो?"

"किल्ली गेली तर दिवो कोण लावतलो?" गुणाजी काकुळतीला आले. "वॉचमन आठवड्याक बदलता."

वनमालाबाईंनी उलथनं थांबवलं. "गाऱ्हाणा चेअरमनाक घालतास काय देवाक?"

"देवाक."

"मगे तोच काय ता बघीत. तुमी केळ्यांचा बघा. ती अजून कापूक नाय."

संध्याकाळी देवळापुढे ही गर्दी. राजेश उजवीकडे सिल्कच्या कुर्त्यात, मॅडम डावीकडे पैठणीत. गुणाजींचं लक्ष दोघांकडे, आणि केळी तशीच. तेवढ्यात खांद्याला बॅग लावलेला एक अनोळखी माणूस आत येऊन इकडेतिकडे बघू लागला.

"केटररचे ना तुम्ही? किती उशीर," गुणाजी म्हणाले.

"नाही, मी जरा—"

"ते मागून सांगा. हात धुवा नि ही केळी कापा. पातळ नको हां."

माणूस बिचारा हात धुऊन केळी कापायला बसला. आरतीला घंटा वाजवायला कोणी नव्हतं, तीही त्याच्याच हातात आली.

मग गुणाजींनी नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

राजेश खाकरला. मॅडमनी पदर सारखा केला. गुणाजींनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे पाहिलं आणि घाबरून डोळे गच्च मिटले. तिथेच गोची झाली. डोळे मिटल्यावर त्यांच्यापुढे फक्त गणपती उरला, आणि रोज पहाटे एकटे असताना त्याच्याशी जे बोलायचे तेच तोंडातून बाहेर पडू लागलं.

"तुझ्या लेकरांचा खुर्चीवरसून भांडण लागला आसा. येकीन खुर्ची घरात व्हेल्यान, येकान शिक्को खिशात घातल्यान रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सवयीची गोष्ट. राजेश आणि मॅडमही म्हणून गेले, मग एकमेकांकडे बघत राहिले.

"पंप बिघडलो, तेका कोण बघणा नाय."

"व्हय म्हाराजा." हे सगळ्यात जोरात आलं.

"तुझी किल्ली काडून घेतो म्हणान माका भीती घालतत. घेवदेत. मी भायर उभो रवान दिवो लावीन. ज्या कोणाक तू खुर्चेर बसवशीत तेचा मी आयकान, पण तुझो दिवो विझाक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले, जरा हळू. वनमालाबाईंनी डोळे पुसले.

नारळ फुटला, गुणाजींनी डोळे उघडले आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मुकाट्याने कनवटीची किल्ली काढली आणि देवापुढे ठेवली. राजेशचा हात पुढे आला. मॅडमचाही आला.

"एक मिनिट," केळीवाला म्हणाला. "मी सुबोध. उपनिबंधक कार्यालयातून आलोय. फेरनिवडणूक होईपर्यंत या सोसायटीवर मला प्रशासक नेमलंय. मघाशी सांगणारच होतो, पण काकांनी कामाला लावलं."

गुणाजींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण शब्द म्हणजे शब्द. आता देवासमोरच दिलेला. त्यांनी किल्ली उचलून सुबोधच्या हातात ठेवली. "साहेब, आता खुर्ची तुमची."

सुबोधने किल्ली घेतली. "खुर्ची उद्या ऑफिसात. शिक्का माझ्याकडे. पंपवाला सकाळी येईल." राजेशने खिशातून शिक्का काढून दिला. "आणि दिव्याला तर इथे सगळ्यांनी देवासमोर होकार दिलाय. तो मोडणारा मी कोण? धरा काका, किल्ली तुमची."

"व्हय म्हाराजा," राजेश आणि मॅडम एकदमच पुटपुटले. त्या निवडणुकीनंतर दोघांचं पहिल्यांदाच काही जुळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुणाजींनी समाधानाने दिवा लावला. मागे पावलं वाजली. सुबोधसाहेब हात जोडून उभे होते, पंपवाल्याच्याही आधी आलेले. दर्शन झालं, प्रसाद झाला. मग साहेब मान तिरकी करून देवळाकडे बघत राहिले.

"काका, एक शंका होती. देवाचं तोंड पार्किंगकडे का?"

गुणाजींनी गणपतीकडे पाहिलं, हसले आणि आसनाची घडी घातली.

"बोला साहेब, कुठे करूया?"