सुट्टेकाकांचं बिनव्याजी प्रकरण

"मला कुणी एका पैशाला जरी फसवून दाखवलं ना, तर ही मिशी काढून देईन!" असं सुट्टेकाका गल्लीत भेटेल त्याला सांगायचे. कुणी विचारलेलं नसायचं, तरी सांगायचे!

आणि माणूस उगाच फुशारकी मारणारा नव्हता बरं का. उभी हयात बसमध्ये कंडक्टर म्हणून गेलेली. "सुट्टे काढा, सुट्टे!" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की सगळी गल्ली त्यांचं खरं नाव विसरून गेली होती. निवृत्तीनंतरही हिशेबाची सवय काही सुटली नाही. दूधवाल्याने पैसे परत दिले, की नुसत्या वजनावरून ते सांगत, "एक नाणं कमी आहे!" आणि असायचंच!

घरात दोघंच. सुट्टेकाका आणि त्यांची सून. मुलगा जहाजावर, इंजिनाच्या खोलीत कामाला. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. काकांची बायको जाऊन बराच काळ लोटलेला. सून इस्पितळात नर्स होती. दिवसभर वॉर्डात औषधी पाण्याने हात धुवायचे आणि घरी येऊन बादलीभर कपडे घासायचे. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. चहाचा कप देताना त्या काकांना दिसायच्या आणि चहा गोड लागायचा नाही.

"सूनबाई, आपण धुण्याचं मशीन घेऊ."

"कशाला बाबा? दोन माणसांचे कपडे ते किती! आणि मला कोर्सची फी भरायचीय."

त्या कोर्ससाठी ती पै पै साठवत होती. तो झाला की ती वॉर्डची मुख्य होणार होती. काकांनी विषय सोडला, म्हणजे तसं दाखवलं! दुसऱ्या दिवशी ते थेट मोठ्या दुकानात गेले.

तिथल्या विक्रेत्या मुलीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग एक चकचकीत कार्ड दिलं. "आमच्या दुकानाचं कार्ड घ्या आजोबा. मशीन आज न्या, पैसे वर्षभरात फेडा. बिनव्याजी!"

"बिनव्याजी म्हणजे?"

"म्हणजे व्याज नाही!"

काकांनी मनातल्या मनात किमतीला बाराने भागलं. पेन्शनीत बसत होतं. कार्डाच्या अर्जामागे मुंग्यांची रांग जावी तशा बारीक अक्षरात अटी होत्या. पण चष्मा घरी राहिला होता, आणि मुलगी तर इतकी गोड बोलत होती! काकांनी झोकात सही ठोकली.

मशीन घरी आलं. सून कामावरून आली, पाहिलं, आणि दारातच रडायला लागली. काका गडबडले. "अगं, आवडलं नसेल तर परत करू!"

"आवडलंय हो बाबा!" ती आणखी जोरात रडली. 

त्या दिवशी सुट्टेकाका छाती इतकी फुगवून चालत होते, की शर्टाच्या गुंड्यांनी राजीनामा द्यायचा बाकी होता.

वर्षभर त्यांनी दर महिन्याला दुकानात जाऊन हप्ता भरला. एकही चुकला नाही. शेवटचा हप्ता थोडा आडनिडा निघाला. काकांनी नोटा ठेवल्या. वर किरकोळ काही द्यायचं राहिलं. एक कप चहाही येणार नाही, एवढंच! काकांकडे मोठी नोट, आणि गल्ल्यावरच्या मुलीकडे परत द्यायला सुट्टे नाहीत.

"राहू द्या आजोबा," ती म्हणाली. "एवढंसं पुढच्या बिलात येईल."

ज्या माणसाने जन्मभर सुट्ट्यांवरून लोकांचा छळ केला, तो त्या दिवशी म्हणाला, "बरं, राहू दे!" आणि शीळ घालत घरी आला.

पुढचं बिल आलं. काकांनी वाचलं. चष्मा पुसून वाचलं. मग बिलच पुसून वाचलं! एक कप चहाच्या जागी अर्ध्या मशीनची किंमत लिहिलेली होती!

तडक दुकान गाठलं. तक्रारीच्या खिडकीपुढे रांग कसली, गर्दीचा नुसता गोळा होता. काका वैतागले आणि सवयीने ओरडले, "चला, पुढे सरका! मधे जागा आहे! ताई, पिशवी खाली घ्या! एकामागे एक!" आणि काय आश्चर्य, लोक सरकले की! क्षणात रांग सुतासारखी सरळ.

खिडकीतल्या बाबाने मात्र थंडपणे समजावलं. "काका, बिनव्याजी म्हणजे व्याज लागतच नाही असं नाही. ते पहिल्या दिवसापासून मोजलं जातं, फक्त मागितलं जात नाही. वर्षाच्या आत पै न पै फिटली, तर सगळं माफ. पण काडीभर जरी बाकी राहिली, तर पूर्ण वर्षाचं, पूर्ण रकमेवरचं व्याज एकदम लागतं. अर्जाच्या मागे लिहिलंय बघा."

काकांनी पाहिलं. लिहिलं होतं! मुंग्यांच्या रांगेत तिसरी मुंगी!

त्यांची कानशिलं तापली. आता हे सुनेला सांगायचं कसं? ती रागावणार नाही, हीच तर भीती! ती हसेल, आणि कोर्सचे पैसे काढून हातावर ठेवेल.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. दुकानाचा मॅनेजर. "काका, रांग काय लावलीत हो! आमच्याकडे दुपारी मदतनीस हवाय. दारापाशी उभं राहायचं, ट्रॉल्या द्यायच्या, लोकांना वाट दाखवायची. याल?"

काकांनी एका दमात "हो" म्हटलं. व्याजाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. लाज वाटली.

आणि इथून खरी गंमत सुरू झाली मंडळी!

काका रोज दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, मिशीला तेल लावून बाहेर पडायला लागले. दुकानाचा अंगरखा तिथेच कपाटात. जागा मिळाली ती अत्तरांच्या विभागाशेजारी, आणि तिथल्या मुली येणाऱ्याजाणाऱ्यावर फवारे मारण्यात इतक्या पटाईत, की संध्याकाळपर्यंत काका फुलदाणीसारखे दरवळायचे.

सुनेच्या नाकाला आधी कळलं.

"बाबा, कुठे गेला होतात?"

"असाच... पाय मोकळे करायला."

"पाय मोकळे केले की मोगऱ्याचा वास येतो?"

"हवा बदललीय," म्हणून काका न्हाणीघरात पळाले.

शेजारच्या काकूंनी उरलीसुरली कसर भरून काढली. त्यांनी काकांना दुकानाबाहेर पाहिलं होतं. एका बाईची ट्रॉली ढकलत होते, तिच्या पिशव्या गाडीत ठेवल्या, आणि निघताना तिने काकांच्या हातात हात दिला! आता तिने बक्षिसी दिली होती, पण काकू रस्त्याच्या पलीकडे होत्या; तिथून ना नोट दिसली, ना दुकानाचा अंगरखा ओळखू आला. "काय सांगू तुला," त्या सुनेच्या कानाला लागल्या, "दोन्ही हातांनी धरला हो त्यांनी तिचा हात! आणि लाजले!"

सुनेला आधी धक्का बसला. मग हसू आलं. मग भांडी पुसता पुसता डोळे भरून आले. माणूस किती वर्षं एकटा जेवतोय, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? तिने त्याच दिवशी नवऱ्याला निरोप धाडला: बाबांचं कुणाशी तरी जमलंय, आणि तू काही वेडंवाकडं बोलायचं नाहीस!

दोन दिवसांनी, चहाच्या वेळी, तिने धीर केला.

"बाबा, मला सगळं कळलंय."

काकांचा चमचा बशीत पडला. "कुणी सांगितलं?"

"ते राहू द्या. मी रागावले नाहीये. कधीपासून चाललंय?"

काकांनी मान खाली घातली. "वर्ष झालं की गं."

"वर्ष? आणि मला पत्ता नाही!"

"तुझ्यासाठीच तर केलं."

सून विरघळली. घरात आपल्याला बाईमाणसाची सोबत व्हावी म्हणून! "बाबा, स्वभावाने कशी आहे?"

"सुरुवातीला फार गोड. म्हणाली, वर्षभर काही म्हणता काही मागणार नाही. वर्ष सरलं तशी उलटली!"

"मागते काय?"

"पैसे! दर महिन्याला पत्र पाठवते!"

सुनेचा चेहरा उतरला. "मला ही बाई बरी वाटत नाही."

"बरी? जळू आहे जळू!"

"मग सोडून द्या ना!"

"सोडते का ती! सही करून बसलोय मी!"

"सही?" सून ताडकन उठली. "म्हणजे लग्न नोंदवूनसुद्धा मोकळे झालात?"

"लग्न?" काका चक्रावले. "कुणाचं लग्न?"

"तुमचं! त्या बाईशी!"

"कुठली बाई?"

"जी गोड बोलते, पत्रं पाठवते, पैसे मागते ती!"

"अगं, ती कार्डाची कंपनी आहे!"

मग सून जी हसायला लागली, ती भिंतीला टेकून खालीच बसली. काकाही हसले, पण त्यांचं हसू अर्ध्यावर कुठेतरी अडकलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. गोड मुलगी, राहिलेला चष्मा, सुट्टे नसलेला गल्ला, ट्रॉल्या, अत्तर. "जन्मभर दुसऱ्याचं नाणं न् नाणं परत केलं गं मी. आणि स्वतःचं घर असं..."

सून उठली. आत गेली. काकांना कळलं ती कुठे गेली ते.

"सूनबाई, कोर्सच्या पैशांना हात लावलास तर मी जेवणार नाही!"

ती दारात थांबली. "बरं. मग उद्या दोघं दुकानात जाऊ. मी बोलते. तुम्ही गप्प बसायचं."

ती वॉर्डात हट्टी पेशंटशी बोलते त्या आवाजात मॅनेजरशी बोलली. आवाज खाली, मान ताठ. "वर्षभर एक हप्ता चुकला नाही. सुट्टे तुमच्याकडे नव्हते. एवढ्याशा बाकीवर एवढं व्याज, हे तुम्हाला तरी पटतं का?"

मॅनेजर अवघडला. "नियम आहे ताई. सहीही आहे. सुट्ट्यांचं खरं कशावरून..."

"खरं आहे सर." गल्ल्यावरची मुलगी उभी राहिली होती. "मीच म्हणाले होते पुढच्या बिलात येईल म्हणून. मला नियम ठाऊक नव्हता. मला कुणी सांगितलाच नव्हता."

मॅनेजरने एकदा तिच्याकडे, एकदा काकांकडे पाहिलं. "काका, रोज माझ्या दारात उभे होतात. एकदा बोलला का नाहीत?"

"तुम्ही काम दिलंत," काका पुटपुटले. "वर आणखी कुठे तोंड उघडू?"

मॅनेजरने कंपनीला फोन लावला. फोनमधलं गाणं सहा वेळा पहिल्यापासून वाजलं. शेवटी पलीकडून कुणीतरी बोललं, आणि बऱ्याच "हो हो, समजलं"नंतर त्याने फोन ठेवला. बहुतेक व्याज माफ! एकदाच, आणि पुन्हा म्हणून नाही. जे थोडं उरलं, ते काकांच्या पगारातून तिथेच भरून टाकलं. कार्डाचे कात्रीने दोन तुकडे झाले. काका म्हणाले, "चार करा!"

गल्ल्यावरच्या मुलीला ओरडा बसू नये, म्हणून काका मॅनेजरला दोनदा सांगून आले. वर तिला म्हणाले, "पोरी, खरं बोललीस. माझ्या बसमध्ये तुला कधी तिकीट पडलं नसतं!"

संध्याकाळी दोघं घरी येऊन टेकतात न टेकतात, तोच फोन वाजला. मुलगा! जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं. सुनेने घाईघाईने कपाळावर हात मारला. एवढ्या धांदलीत त्याला खरं कळवायचंच राहिलं होतं!

"बाबा," मुलगा म्हणाला, "तुम्ही काही बोलू नका, आधी माझं ऐका. मला सगळं कळलंय. माझी काही हरकत नाही. इथे पाण्यावर असताना सारखं वाटत असतं, की बाबा एकटे आहेत, आणि मी नाही तिथे. कधी बोललो नाही. आईलाही हे आवडलं असतं बाबा. तुम्ही हसत राहावं, एवढंच तिला हवं असायचं."

एवढं बोलणं त्या मुलाने आयुष्यात केलं नव्हतं. त्याचा फोन म्हणजे "बरं आहे ना? बरं, ठेवतो." काकांनी खुलासा करायला तोंड उघडलं, आणि मिटलं. डोळे पुसले.

"बरं बाळा," ते म्हणाले. "तू जेवत जा वेळेवर."

त्यांनी फोन ठेवला. आत मशीन गुरगुरत होतं.

"बाबा, आता त्याला खरं कोण सांगणार?" सुनेने हळूच विचारलं.

"इतक्यात नको. कधी नव्हे तो एवढं बोललाय पोरगा. पुढच्या बंदरापर्यंत राहू दे."

"आणि पुढच्या बंदरावर काय सांगू?"

सुट्टेकाकांनी मिशीवरून हात फिरवला. विचार केला.

"सांग, मोडलं म्हणून," ते म्हणाले. "बाई दिसायला चांगली होती, पण अटी फार!"