भिंतीवरचा मृदंग

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी दिवेलागणीला देवळाच्या भिंतीवर अभंगाची अक्षरं उजळली आणि रिटायर हवालदार आकारामांची छाती वर्दीतसुद्धा कधी फुगली नव्हती तेवढी फुगली. सून संयोगिता इस्लामपूरला शाळेत शिकवायची. हा बिनवायरचा प्रोजेक्टर तिनंच आणलेला. अभंगांच्या पानांचे फोटो सासऱ्यांच्या फोनमध्ये, फोन पेटीवाल्या भाऊसोंपुढं. एक अभंग संपला की त्यांनी बोट सरकवायचं, पुढचा भिंतीवर हजर.

"वायर न्हाई, काय न्हाई, आन् अक्षरं बगा केवढाली!" म्हाताऱ्या भामाबाई हरखल्या. "माजा चष्मा सुटला की गं!"

आकारामांच्या गळ्यात वीणा होती. सप्ताहभर ती जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात. मृदंगावर होते धाकटे भाऊ नाथाजी. बांधावरच्या शेवग्यापायी दोघांत तीन वर्षं शब्द नव्हता. शेवगा कधीच वाळून गेला, अबोला मात्र हिरवागार. एकाच अभंगाला दोघं साथ करत, पण बघत दोन वेगळ्या खांबांकडं.

त्या दिवशी गाणाऱ्या बुवांना असा रंग चढला की त्यांनी एक अभंग जास्तीचा धरला. भाऊसोंनी सवयीनं बोट सरकवलं. पानं संपली होती.

भिंतीवर साक्षात नाथाजी अवतरले! गुरुपौर्णिमेचे, मृदंगासकट, अर्धे खांबाआड. आणि व्हिडिओ काढणाऱ्याचा दबका आवाज, "आहाहा! नाथा, बोटं हायती का पाखरं रं!"

आवाज आकारामांचा होता.

भाऊसोंनी घाबरून बोट सरकवलं. नाथाजी, रामनवमीचे. पुन्हा सरकवलं. नाथाजी, काकड्याचे. आणि पुन्हा तोच दबका आवाज, "माजा बारका भाऊ हाय. पर सांगू कुनाला?"

"भाऊसो, बंद कर रं ते!"

"कुटनं बंद करू? दाबंल तितं नाथाच निगतोय!"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आकाराम धावायला निघाले आणि जागीच थबकले. गळ्यातली वीणा ठेवायची कुठं?

"आरं, ईणा घ्या कुनीतरी!"

कुणी हलेना. अख्ख्या गावाला भिंत सोडवत नव्हती.

मृदंग थांबला. नाथाजी उठले आणि थोरल्यासमोर येऊन उभे राहिले. वीणा देता-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं ही रीत. तिच्यातून हवालदारालाही सुटका नाही. दोघं एकदमच वाकले. टाळक्यावर टाळकं आपटलं.

"लागलं का रं?" तीन वर्षांतला पहिला शब्द.

"लागनारच की आण्णा. तुमचं डोस्कं पयल्यापास्नंच कठीन."

वीणा नाथाजींच्या गळ्यात गेली. आकाराम फोनवर झडप घालणार, तोच बुवांनी हात वर केला.

"थांबा माउली! मृदंगवाले विण्याला उभे राहिले, मग ठेका कोण धरणार? भिंतीवरचाच चालू द्या."

आणि त्या ठेक्यावर टाळ वाजायला लागले. वीणा छेडता छेडता नाथाजी हळूच कडेला सरकले.

"आण्णा, ह्यात माजा डावा हात दिसंना. खांबाआडनं का काडलंय?"

"म्होरं बसलो आसतो, तर तुला कळलं आसतं."

"आता कळलंय न्हवं? मग उद्या काल्याला म्होरं बसा."

भिंतीवरून पुन्हा एकदा दबकं 'आहाहा' आलं. खालच्या आकारामांनी त्याला जोड दिली, पण या खेपेला आवाज अजिबात दाबला नाही.