बिनपायडलची सायकल

आमच्या शेजारच्या आप्पा हवालदारांच्या खिशात रुमाल कधीच नसायचा, सुतळी असायची. एक नव्हे, तीन-चार. घाम पुसायला त्यांचा कुणाला उपयोग नव्हता; पण दाराची चौकट, मांडवाची रुंदी, म्हशीचं शिंग, काहीही मोजायचं असलं की आप्पा हजर. गल्लीतल्या एका मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा चपला घालायला उभा राहिला, तेवढ्यात आप्पांनी मागून त्याच्या डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी सोडली आणि जाहीर केलं, "पाच फूट पाच. तुमच्या चिठ्ठीत पाच फूट सात लिवलंय. दोन इंच कुठं गेलं?" लग्न जमलं, पण तो जावई अजून सासरी आला की आप्पांच्या दारावरून जात नाही. मागल्या बोळातून येतो.

मी तेव्हा कुंडलच्या शाळेत गणित शिकवत होते. नव्वदीची मधली वर्षं असतील. मी मूळची सांगलीची, आणि जिभेला हाड नसलेली म्हणून घरी प्रसिद्ध. पण आप्पांपुढे माझं काही चालायचं नाही. फौजेत आयुष्यभर गाड्या दुरुस्त करून ते घरी परतले होते, आणि आता गाड्या नाहीत म्हणून आम्हाला दुरुस्त करत होते. दारात भाजीवाली आली आणि मी म्हणाले, "दे अंदाजे पावशेर," की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "बाई! अंदाज हा दुश्मन हाय! गणिताच्या न्हवं तुमी?" भाजीवाली बिचारी घाबरून वांगं जास्तच टाकायची, म्हणून मी त्यांना फार बोलत नसे.

एका फेब्रुवारीत आप्पा सकाळी सकाळी दारात आले. कडक इस्त्रीचा शर्ट, मिशीला तेल.

"जयभीम, बाई. रविवारी सांगलीला जायाचं हाय. तुमी संगं पायजे."

"कशाला?"

"पिंकीला सायकल घ्यायची. बिनपायडलची."

पिंकी म्हणजे त्यांची नात, वय वर्षं तीन. मुलगा बाळू बापासारखाच फौजेत, नोकरी तिकडे पठाणकोटला, आणि बायको-मुलगी त्याच्याजवळ. मे महिन्यात तो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येणार होता, आणि त्या पंधरा दिवसांत पिंकीला सायकल शिकवायची, तीही आपणच शिकवायची, असं आप्पांनी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, ऑर्डरच काढली होती. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बजावून ठेवलं होतं की पोरीला त्या पंधरा दिवसांत मामाच्या गावाला न्यायचं नाही.

"आप्पा, पायडल नसलेली सायकल म्हणजे दांडी नसलेली छत्री. करायचं काय तिचं?"

आप्पा पायरीवर बसले. खुलासा लांबणार हे मी ओळखलं आणि चहा टाकला.

"आमच्या साहेबाची पोरगी व्हती. चार वर्साची. तिच्या सायकलीची पायडलं मोडली. दुरुस्तीला माझ्याकडं आली. सामान यायला म्हैना लागला. तवर ती पोरगी काय करायची? सीटवर बसायची आन दोनी पायांनी जिमीन ढकलायची. आठ दिसांनी बघतो तर काय, उतारावर दोनी पाय वर! तोल आला, बाई! म्हैन्यानं पायडलं लावली, आन ती जी सुटली ती थेट ऑफिसर मेसच्या दारात. पडायचं न्हाई, रडायचं न्हाई. तवाच म्या ठरवलं, आदी तोल, पायडल मागनं."

एवढं झाल्यावर त्यांनी खिशातून पाकीट काढलं. सूनबाईंनी पठाणकोटहून पिंकीच्या पायाचं माप पाठवलं होतं, टाचेपासून जांघेपर्यंत. आप्पांनी तीनदा मापायला सांगितलं होतं म्हणून तीन सुतळ्या आल्या होत्या. तिन्ही वेगवेगळ्या लांबीच्या.

"पिंकी हालली आसंल," आप्पा म्हणाले. "मधली धरायची."

"मग हा अंदाजच झाला की!"

"ह्याला सरासरी म्हनत्यात." आप्पांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "शाळंत काय शिकिवता तुमी?"

मधली म्हणजे सरासरी नव्हे, हे मी त्यांना सांगितलं नाही. चहा निवत होता.

रविवारी आम्ही सांगलीला पोचलो. पेठेतल्या पहिल्या दुकानदाराने तीन चाकांची सायकल पुढे केली. मागे टोपली, पुढे भोंगा, हँडलला झिरमिळ्या. आप्पांनी भोंगा एकदा वाजवला. "ही मिरवायची झाली. शिकायची कुठली?" दुसऱ्याने दोन चाकांची काढली, पण मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आणखी दोन बारकी चाकं. "चार चाकं? मग जीपच घेतो की!" तिसऱ्या दुकानात आप्पांनी "बिनपायडलची द्या" म्हटल्यावर मालकाने त्यांना खुर्ची दिली, पंखा सुरू केला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आजोबांना ऊन लागलंय का हो?"

चौथ्या दुकानात एक लाल सायकल होती. एवढीशी. आप्पांनी सुतळी लावली. सीट अगदी खाली घेतली तर माप बरोबर जुळत होतं. दुकानदार जाणता होता. तो म्हणाला, "आजोबा, पोर वाढतंय. जरा वाढत्या अंगाची घ्या. दोन-तीन वर्षं बघायला नको."

आणि मीही, गाढवासारखी, त्याला दुजोरा दिला. आपल्याकडे फ्रॉक, चपला, गणवेश सगळं वाढत्या अंगाचंच घेतात, सायकलीने काय घोडं मारलंय?

आप्पा एकदम लाल झाले. "वाढत्या अंगाची नगं! पाय टेकला पायजे. ह्या मे म्हैन्यात टेकला पायजे! पोरगी पंधरा दिस येनार, आन मी काय तिचे पाय लांब व्हायची वाट बघत बसू?"

दुकानदाराने निमूट लाल सायकलच पुन्हा पुढे केली.

पण सुतळीवर भागेना. खात्री करायची तर जिवंत पाय हवा. आप्पा रस्त्यावर गेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांचे पाय न्याहाळायला लागले. एक बाई छोट्या मुलीला घेऊन चालली होती. तिच्यापुढे आप्पा सुतळी ताणून उभे राहिले. "ताई, जरा पोरीचा पाय द्या."

ती बाई जी किंचाळली! पलीकडचा पानवाला आला, रिक्षावाले आले, एकाने तर बाह्यासुद्धा सरसावल्या. "अहो, फौजेतले आहेत, सायकल घ्यायचीय, पायडल नको आहे," असं मी जेवढं समजावू लागले तेवढे लोक आणखीच बिथरले. शेवटी मी माझा शाळेतला आवाज काढला, "गप्प बसा सगळे!" तेव्हा कुठे शांतता झाली. मग त्या बाईनेच हसत मुलीला सीटवर बसवलं. दोन्ही पाय अलगद टेकले. आप्पांनी खाली वाकून टाचा टेकल्यात का तेही पाहिलं, आणि म्हणाले, "पास!" ती मुलगी मात्र सायकलीवरून उतरेना. तिला उतरवायला तिच्या आईला पुढच्या दुकानात एक भोंगा घ्यावा लागला.

मग आप्पांनी खिशातून स्वतःचा पाना काढला आणि दुकानदारापुढे धरला. "काडा पायडलं." उजवं निघालं. डावं काही हलेना. दुकानदार घामाघूम होईपर्यंत आप्पा मिशीत हसत उभे. "उलटं फिरवा, मालक. डाव्याचा आटा उलटा असतोय. दुकान कवा काडलंय?" निघालेली पायडलं गुंडाळायला रुमाल हवा होता. तो अर्थातच माझा गेला, निळ्या काठाचा, चांगला. पुन्हा काही मला मिळाला नाही.

एसटीच्या टपावर सायकल चढवताना कंडक्टरने विचारलं, "पायडल कुठंय?" आप्पा म्हणाले, "रजेवर." गावात तर कहरच झाला. "हवालदारानं लंगडी सायकल आणली," म्हणून पारावरची सगळी मंडळी बघून गेली. एकाने विचारलं, "ब्रेक तरी हाय का गड्या, का त्योबी मे म्हैन्यात येनार?" आप्पांनी त्याच्या तोंडाची रुंदी सुतळीने मोजली. पुन्हा कुणी विचारलं नाही.

मी काकूंपाशी हसत हसत म्हणाले, "काकू, हे सुतळीचं खूळ लग्नाच्या आधीपासूनचं, की नंतरचं?"

काकू हसल्या नाहीत. आत गेल्या, फौजेतली काळी ट्रंक उघडली आणि एक पत्र्याचा डबा आणला. त्यात सुतळ्याच सुतळ्या. जुन्या, पिवळ्या पडलेल्या, प्रत्येकीला शेवटी गाठ.

"ह्यो समदा बाळू हाय, बाई," काकू म्हणाल्या. "ह्ये लांब तिकडं बर्फात. दोन-दोन वर्सं सुट्टी न्हाई. एकदा सुट्टीला आलं, तर एसटीतनं उतारल्या उतारल्या पोरगं उचललं, मुकं घेतलं, खाऊ दिला. आन ते पोरगं निघालं शेजारच्या शंकराचं! बाळू माझ्या लुगड्यामागं उभा. ह्यास्नी वाटलं व्हतं, आपला एवढाच आसंल. अंदाज केला न्हवं."

मला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच राहिलं.

"त्या राती जेवलं न्हाईत ह्ये. मग म्या काय केलं, मला कुठं लिवता येतंय? पत्र लिवायचं मास्तर. पण दर पत्रात म्या बाळूच्या उंचीची सुतळी घालायची. ती बघून ह्यास्नी कळायचं, पोरगं केवढं झालं ते. पुन्हा कवा चुकलं न्हाईत." काकूंनी डबा मिटला. "बाळूला सायकल त्येच्या चुलत्यानं शिकिवली. ह्यास्नी पत्रात कळलं."

त्या दिवसापासून मी भाजीवालीला 'अंदाजे' म्हणणं सोडलं.

मे महिन्यात पिंकी आली. आजोबांना पाहिल्याबरोबर भोकाड पसरलं. ओळखणार कशी? मागे आली तेव्हा सहा महिन्यांची होती. आप्पा सुतळी काढायला गेले तर आणखी मोठं भोकाड. पण लाल सायकल बघितली आणि रडं थांबलं. सीटवर बसवलं. टाचा टेकल्या आणि गुडघे किंचित वाकलेसुद्धा, कारण फेब्रुवारीपासून पोरगी वाढली होती. "दोन बोटं," आप्पा म्हणाले आणि सीट वर घेतली.

मग रोज सकाळी विहारासमोरच्या पटांगणात पिंकी पुढे, टपटप पाय टाकत, आणि आप्पा मागे, दोन्ही हात पसरून, पण तिला न धरता. "धरायचं न्हाई. फकस्त पळायचं," म्हणायचे. सायकल पिंकी शिकत होती आणि दम आप्पांना लागत होता. एव्हाना ती "आजोबाऽ, पला!" असं ओरडायला लागली होती, आणि आख्ख्या पलटणीने ज्यांचा हुकूम ऐकला ते आप्पा, "पळतो, साहेब!" म्हणून पळत होते.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत विहारासमोर जमले होते. वंदना नुकतीच संपली होती. पिंकीने उताराकडे सायकल वळवली, दोन्ही पाय वर घेतले आणि गर्दीतून सरळ रेषेत सूं करत गेली. कुणाला धक्का नाही, डगमग नाही. टाळ्या पडल्या. पारावरचा तो रुंद तोंडाचासुद्धा टाळ्या वाजवत होता. आप्पा मात्र तिथेच मटकन खाली बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "डोळ्यात धूळ गेली, बाई." रुमाल द्यायला माझ्याजवळही नव्हता.

"आता पायडलं लावा की, आप्पा," बाळू म्हणाला.

"आजून तोल पक्का न्हाई."

दुसऱ्या दिवशीही पक्का नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हणे पाना सापडेना. चौथ्या दिवशी सुट्टी संपली.

स्टँडवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. टपावर लाल सायकल चढली, तशीच, लंगडी. मी न राहवून ओरडले, "आप्पा, अहो पायडलं!"

"राहिली की. इसरलोच," आप्पा म्हणाले.

आयुष्यात एक नट कधी न विसरलेला माणूस! मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. खिसा फुगलेला होता, आणि वर माझ्या रुमालाचा निळा काठ दिसत होता. मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही.

महिन्याभराने पठाणकोटहून पाकीट आलं. काकू निवडणं टाकून बाहेर आल्या, आणि वाचायला मला बोलावलं. आप्पांचा चष्मा नेमका त्याच वेळी हरवला होता. बाळूने लिहिलं होतं, 'आप्पा, इथे बाजारात पायडलं मिळतात. पण घेतली नाहीत. पिंकी कुणाला हात लावू देत नाही. आजोबाच लावणार म्हणते. मे महिन्यात येतो.'

पाकिटात एक सुतळी होती. आप्पांनी ती पिंकीच्या फेब्रुवारीतल्या मधल्या सुतळीशी लावून बघितली, दोनदा, मग डब्यात ठेवली. रुमाल सोडून पायडलं काढली आणि तेल द्यायला बसले.

"बाई, मे म्हैना यायला किती दिस हाईत?"

"असतील की हो दहा महिने, अंदाजे," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

पण आप्पा ओरडले नाहीत. पायडलवरून बोट फिरवत हळूच म्हणाले, "अंदाज नगं, बाई. मोजून सांगा."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि एकेक दिवस मोजायला बसले.