घरोघर भेट

पिशवीत अठरा वस्तू होत्या. जुनी वर्तमानपत्रं चार, साबणाची डबी एक, हात पुसायचे नॅपकिन दोन, एप्रन एक, थर्मामीटर दोन, रक्तदाबाचं यंत्र एक, स्टेथोस्कोप एक, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी एक, टेप एक, स्पिरिटचा दिवा एक, परीक्षानळ्या दोन आणि कापसाचा डबा एक. शामला वैरागडेने त्या मंगळवारी संध्याकाळी त्या दोनदा मोजल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या गृहभेटींची परीक्षा होती.

शामला सहा वर्षं नागपूरला एका मोठ्या दवाखान्याच्या सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स होती. आता ती गावात, घरोघर जाऊन काम करणाऱ्या परिचारिकांचं शिक्षण घेत होती. एकाहत्तर सालचा पौष होता आणि तिच्या तुकडीचा मुक्काम भिवापूरला होता. त्या काळी भिवापूरला एसटीतून उतरलं की आधी मिरचीचा ठसका लागायचा आणि मग स्टँड दिसायचा. अंगणात मिरची, छपरावर मिरची, देवळाच्या ओट्यावर मिरची. पुढे कित्येक वर्षं नागपूरच्या सीताबर्डीवर मिरचीच्या पोत्यांजवळून जाताना शामलाला शिंक येण्याआधी ते दिवस आठवायचे.

तिला दिलेलं गाव बोरटेक, भिवापूरपासून दोन मैलांवर. तिथे तिची एकच खरी काळजी होती, ती म्हणजे रंभाबाईंची मधली सून पंचफुला. पहिल्याच दिवशी शामलाने तिला विहिरीवर पाहिलं होतं. आठवा महिना असावा. पाय एवढे सुजलेले की जोडवी बोटांत रुतली होती. शामला तडक तिच्या घरी गेली आणि वॉर्डातल्या सवयीने म्हणाली, "सुनेला बोलवा. लवकर."

रंभाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोन्ती सून?"

"मधली."

"ते माहेरी गेली."

"आत्ता तर विहिरीवर होती!"

"मंग विहिरीवरून गेली," असं म्हणून रंभाबाईंनी दार लावलं.

त्यानंतर दोनदा शामला गेली आणि दोन्ही वेळा सून माहेरीच होती. बाकीच्या घरांना कुलपं, कारण सारं गाव मिरची तोडायला वावरात. शिक्षिका कुसुमताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वॉर्डात पेशंट तुझ्या पलंगावर असतो. इथे तू त्यांच्या अंगणात असतेस. तिला तपासलंस तर पास. नाही तपासलंस, तर अजून तुला वॉर्डच बरा."

म्हणून शामलाने कोतवाल नत्थूला एक चिठ्ठी लिहून दिली. गावभर दवंडी द्यायला सांगितलं. चिठ्ठीत स्वच्छ अक्षरात होतं, "बुधवारी प्रत्येक घरी गृहभेट दिली जाईल. सर्वांनी घरीच थांबावे."

नत्थूने डबा वाजवत गावभर ओरडून सांगितलं, "ऐका होऽऽ! बुधवारी घरोघर भेट भेटनार आहे होऽऽ! जो घरी नाही राहीन त्याले नाही भेटनार होऽऽ!"

"काय भेटनार गा नत्थू?" ओट्यावरून सरपंच देवरावांनी विचारलं.

"ते का मले सांगते? पन कागदावर लिहून आहे. सरकारी कागद आहे."

संध्याकाळपर्यंत गावाच्या बोलण्यात ती भेट म्हणजे बादली होती. दिवे लागले तेव्हा कोणाच्या तरी मेव्हण्याच्या गावात टॉर्च मिळाल्याची आठवण निघाली. रात्री झोपताना बोरटेकात बहुतेकांचं ट्रान्झिस्टरवर एकमत झालं होतं.

बुधवारी सकाळी शामला कुसुमताईंना घेऊन गावात शिरली, तेव्हा एकाही दाराला कुलूप नव्हतं. प्रत्येक दारात माणसं उभी होती, धुतलेल्या कपड्यांत. काही अंगणांत रांगोळी होती.

"गाव तर चांगलं तयार केलंस," कुसुमताई म्हणाल्या. शामलाला फार बरं वाटलं.

पहिलं घर देवरावांचं. नियम असा होता की कुठल्याही घरात आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर पिशवी ठेवायची, साबण काढून हात धुवायचे आणि मगच बाकीच्या वस्तूंना हात लावायचा. शामलाने वर्तमानपत्र अंथरलं. देवरावांनी पिशवी अलगद उचलून बाजूला ठेवली आणि कागद हातात घेतला.

"आजचा आहे का?"

"नाही, परवाचा. पण—"

"चालते," देवराव म्हणाले आणि चष्मा शोधायला आत गेले.

शामलाने दुसरा कागद अंथरला आणि साबणाची डबी काढली. हात धुऊन वळते तो डबी देवरावांच्या बायकोच्या हातात होती. ती वास घेत होती.

"वास दवाखान्याचा आहे वं," ती शेजारणीला म्हणाली, "पन डबी मजबूत आहे."

पुढच्या घरात नॅपकिन गेला. त्याच्या पुढच्या घरात म्हातारीचा ताप बघून थर्मामीटर काढायला गेली, तर म्हातारीने तो काखेत घट्ट दाबून धरला आणि म्हणाली, "आता देलं ते देलं!" तो सोडवायला कुसुमताईंना त्यांच्याजवळची पानसुपारी द्यावी लागली. मागून पंचवीसेक माणसं चालू लागली होती. ती प्रत्येक घरात काय निघतं ते पाहून पुढच्या घराला आगाऊ कळवत होती.

"नत्थूभाऊ," शामलाने हळूच विचारलं, "हे लोक वस्तू का घेऊन राहिलेत?"

"भेट आहे नं ते! तुमीच तर लिहून देल्ली. पन खरं सांगू का सिस्टरबाई, लोक जराशे नाराज आहेत. ट्रान्झिस्टर कवा काढता?"

शामलाच्या कानांपर्यंत रक्त चढलं. तिने कुसुमताईंकडे पाहिलं. "मॅडम, मी फक्त 'गृहभेट' लिहिलं होतं."

"'मी तुमच्या घरी येणार आहे' असं लिहायला शाई जास्त लागली असती का?" कुसुमताई म्हणाल्या. "आता पुढे चल. तुझं घर आलं."

रंभाबाईंच्या दारात एक गोष्ट नवी होती. अंगणात तीन चुली होत्या. एक जुनी, काळी. दोन रातोरात लिंपलेल्या, अजून ओल्या. प्रत्येक चुलीपाशी एकेक सून डोक्यावर पदर घेऊन बसली होती.

"या," रंभाबाई म्हणाल्या. "इथं तीन घरं आहेत. लेकं येगळे झाले."

"कधी?" मागून देवरावांनी विचारलं.

"काल."

"काहून वं, भांडन झालं?"

"भांडन कायले होते? आपल्या मर्जीनं झाले. तुमाले काय करा लागते? तीन चुली, तीन घरं, तीन भेटी. मोजून घ्या."

मधल्या, सगळ्यात ओल्या चुलीपाशी पंचफुला बसली होती. जोडवी काढून टाकली होती, कारण ती आता बोटांत बसतच नव्हती. शामला पहिल्या चुलीकडे न जाता सरळ तिच्यापाशी गेली आणि जमिनीवर मांडी घालून बसली. या वेळी तिने हुकूम केला नाही.

"पंचफुलाताई, तपासू का तुम्हाला?"

पंचफुलाने सासूकडे पाहिलं. सासू पिशवीतून निघालेल्या रक्तदाबाच्या यंत्राकडे पाहत होती. त्यात काटा होता, नळी होती, फुगा होता. त्यातून आवाजही येत असावा.

"तपासू दे, तपासू दे," रंभाबाई घाईने म्हणाल्या.

ठोके एकशे छपन्नवर ऐकू येऊ लागले आणि शंभरावर थांबले. शामलाने पुन्हा मोजलं. तोच आकडा, फार चढलेला. मग पंचफुलाकडून परीक्षानळीत लघवी आणवली आणि स्पिरिटचा दिवा पेटवून ती नळी वरच्या बाजूने तापवली.

"स्टो!" गर्दीतून कोणी तरी ओरडलं. "रंभाबाईले स्टो भेटला!"

"लहान आहे," रंभाबाई नाराजीने म्हणाल्या. "याच्यावर काय शिजन?"

नळीतली लघवी ताकासारखी गढूळ झाली; तिच्यातून प्रथिनं जात होती. शामलाने दिवा विझवला. "ताई, डोकं दुखतं? डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतं?"

"दोन दिवसांपासून," पंचफुला पहिल्यांदाच बोलली.

"तुम्हाला आज भिवापूरच्या दवाखान्यात नेलं पाहिजे. आजच."

"काही नाही जात!" रंभाबाई उसळल्या. "तेथी पोट फाडते. या घरात मले इचारल्याबिगर कोनी कुठं जात नाही!"

 शामलाने तीन चुलींवरून नजर फिरवली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "कोणत्या घरात, आजी?"



"म्हंजे?"

"ही तीन घरं आहेत म्हणालात ना? मग या मधल्या घराची मालकीण कोण?"

 एक चूल म्हटलं तर दोन भेटी जात होत्या. तीन म्हटलं तर सून जात होती. देवराव हातातला पेपर खाली करून वाट बघत होते. शेवटी रंभाबाई पुटपुटल्या, "तेच... मालकीन."

"मग पंचफुलाताई, तुम्ही सांगा."

पंचफुलाने पदर सारखा केला. "मी जातो भिवापूरले," ती म्हणाली. नत्थू बैलबंडी जुंपायला धावला.

"आता द्या भेट," रंभाबाई शामलापुढे हात करून उभ्या राहिल्या.

शामलाने सांगितलं. भेट म्हणजे वस्तू नव्हे, भेट म्हणजे ती स्वतः येणं. चूक तिच्या लिहिण्यात झाली, नत्थूची नाही. 

"म्हंजे तुमीच भेट?" रंभाबाईंनी विचारलं.

"हो."

"कोनाले पाहिजे होती वं!" असं म्हणून त्यांनी पदर खोचला. "मंग चूल एकच! पाडा रे ह्या दोनी!"

"राहू द्या आत्याबाई," थोरली सून ओली चूल सारवत म्हणाली. "मले माही चूल बरी वाटून राहिली." धाकटीनेही मान डोलावली. गाव एवढं हसलं की बंडीचे बैल बिचकले.

बंडी निघाली तेव्हा रंभाबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. ती वळणापर्यंत गेली असेल, तेवढ्यात गोधडीचं गाठोडं काखेत मारून त्या मागून पळत आल्या.

"थांबव गा नत्थू! पोरगी एकटी कशी जाईन?" मग चाकावर पाय देऊन चढता चढता त्यांनी शामलाला दरडावलं, "सरका तिकडं, भेट!"

शामला सरकली. कुसुमताई मागे बसून पाय हलवत होत्या. परीक्षेविषयी त्या वाटेत काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "देवरावांकडचा साबण राहू दे. त्यांच्या घरात लागेल."

पंचफुलाला दवाखान्यात ठेवून घेतलं, औषध चालू केलं आणि अठराव्या दिवशी तिला मुलगी झाली. पोट फाडावं लागलं नाही. रंभाबाई सगळे दिवस व्हरांड्यात राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या की ही सून येगळी राहते, पण सासूचं ऐकते.

बाळाचं वजन करायला शामला गेली, तेव्हा रंभाबाई दुपटं सोडू देईनात. "थंडी आहे. असंच मोजा. आमच्या पोरीचं आहे ते सारं मोजा."

शामलाने वाद घातला नाही. दुपट्यासकट काटा दोन किलो नऊशे पन्नास ग्रॅमवर थांबला. बाळ पंचफुलाच्या कुशीत गेल्यावर तिने दुपटं वेगळं मोजलं. ते तीनशे ग्रॅम भरलं.

बाळाचं वजन दोन किलो सहाशे पन्नास ग्रॅम होतं.