भिंतीवरची स्क्रीन

भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मेंदूचे स्कॅन तपासणारं सॉफ्टवेअर आलं. सोबत कॉम्प्युटर आला, स्क्रीनही आली. स्क्रीन तेवढी अधीक्षक पुंडलिकरावांच्या केबिनमध्ये गेली. कर्मचारी उशिरा येतात का, हे त्यांना सीसीटीव्हीवर बघायचं होतं. स्वतः ते बाराला येत.

तंत्रज्ञ हर्षानं सॉफ्टवेअर सुरू केलं, तर ते अडून बसलं. आधी स्क्रीन दाखवा, मग काम! हर्षाही इरसाल. आपल्या जुन्या लॅपटॉपवरून दोन ओळी लिहून तिनं त्याला कळवलं, की स्क्रीन आहे. बिचाऱ्यानं विश्वास ठेवला आणि निमूट कामाला लागलं.

पहिला रिपोर्ट आसगावच्या चंद्रकलाबाईंचा निघाला. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून पडून त्यांचं डोकं आपटलं होतं. आत रक्ताची गाठ, ताबडतोब नागपूरला हलवा.

नवरा घनश्याम दाराशीच होता. "मॅडम, गाडी उभी हाय. नेऊ का बाईले?"

"साहेबांची सही आणते, दादा."

पुंडलिकरावांनी कागद उलटसुलट केला. "स्क्रीन नाही, मग तुम्ही पाहिलं काय?"

"मशीननं पाहिलं, साहेब. तुमची स्क्रीन द्या, मीही पाहते."

"ती कामात आहे. आणि इथं 'स्क्रीनवर प्रत्यक्ष पाहिले' असा रकाना आहे."

हर्षाचं डोकं सणकलं. मग तिनं तीच युक्ती इथंही लावली. 'खोली क्रमांक सातमध्ये स्क्रीन उपलब्ध आहे' असं पत्र टाईप केलं, जावक क्रमांक टाकला. साहेबांनी वाचलं आणि विश्वास ठेवला. शिपायाकरवी हर्षाच्या त्या खोलीतल्या रिकाम्या भिंतीवर स्क्रीनचा नोंदवहीतला क्रमांकही रंगवून घेतला.

"आता साक्षीदार आणा."

घनश्यामला भिंतीपुढे उभं केलं. "दिसते का स्क्रीन?"

त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग स्ट्रेचरवरच्या बायकोकडे पाहिलं. "काहून नाही दिसत? मस्त मोठी हाय, साहेब." त्यानं सही केली, गाडी सुटली, चंद्रकलाबाई वाचल्या.

पुढे तपासणी समिती आली. भिंतीसमोर फोटो झाला, 'स्क्रीन स्वच्छ ठेवली आहे' असा शेरा मिळाला. पाच वर्षांनी मुदत संपली म्हणून स्क्रीन निर्लेखित, म्हणजे नोंदवहीतून बाद झाली. निर्लेखित वस्तू नियमाप्रमाणे मोडीत काढतात, म्हणून भिंत पाडली. हर्षा आता उघड्यावर बसते. सॉफ्टवेअर अजून छान चालतं.

हसू आलं ना? मग तुमच्या गल्लीत न झालेल्या नालीचा पंचनामा काढून बघा. 'प्रत्यक्ष पाहिली' याखाली तुमचीच सही आहे. घनश्यामची बायको तरी स्ट्रेचरवर होती. तुमचं कोण होतं?