नानांची कुठेही न जाणारी स्कूटर

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणारे नाना रोज सकाळी आपल्या खिडकीखाली स्कूटर सुरू करत आणि कुठेही जात नसत. ती बाहेर घुरघुरत उभी, नाना घरात! पेट्रोल त्यांचं, धूर आमच्या चहात.

नाना विमानदळात मेकॅनिक होते. निवृत्त झाले, पण कार्बोरेटर काही डोक्यातून उतरला नाही. विषय कुठलाही काढा, गाडी तिथेच यायची. "विमान उडतं ते सगळेच बघतात. जमिनीवर नुसतं घुरघुरत उभं असतं ना, तेव्हा बघा. झडप जवळजवळ मिटलेली, मोठ्या नळीतून पेट्रोल ओढलंच जात नाही. पण झडपेच्या कडेला एक बारीक छिद्र असतं. तेवढ्यातून जरा जरा येतं आणि इंजिन तग धरतं." रंगात आले की अहिराणी सुटायची, "बठ्ठं त्या छिद्रावर शे, भाऊ!" म्हणजे, सगळं त्या छिद्रावर आहे.

भाचीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पगार विचारला नाही. म्हणाले, "जरा काही न करता बसून दाखवा." बिचारा पाय हलवू लागला, घड्याळ बघू लागला. नानांनी निकाल दिला, "थांबला की बंद पडेल हा!" झालं, स्थळ मोडलं.

एका सकाळी त्यांची स्कूटरच बंद पडू लागली. रेस सोडली की फुस्स. छिद्रात कचरा अडकला होता. तार घातली तर छिद्र मोठं होतं, म्हणून मला टांगेवाल्याकडे पिटाळलं, घोड्याच्या शेपटीचा केस आणायला! केस हातात देताना मी वैतागून म्हणालो, "जायचं तर कुठेच नाही, मग रेस धरून उभे राहा की!"

"अन् हिला भरवील कोण?" नाना ओरडले. डोळ्यांत पाणी होतं.

ही म्हणजे अक्का, त्यांची बायको. पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली.

केस फिरवला, स्कूटर शांतपणे घुरघुरू लागली. नाना पेजेची वाटी घेऊन आत धावले. मीही मागोमाग गेलो.

"पूर्वी बाहेर जायचं असलं, की हिचं आवरेपर्यंत मी स्कूटर अशीच चालू ठेवून थांबायचो," ते हळूच म्हणाले. "आता हा आवाज असला तरच जेवते. बंद पडला, की तोंड मिटते."

मला भलतीच लाज वाटली. अक्कांनी खिडकीकडे मान वळवली. ओठ हलले.

"आलेच."

बोलणं म्हणून तेवढाच एक शब्द उरला होता त्यांच्याकडे.

नानांनी चमचा पुढे केला. "सावकाश ये. मी उभा शे."