कळव्याच्या केशरबाईंकडची रॅकेट

स्टूल बेडरूममध्ये होतं आणि साईनाथ स्वयंपाकघरात. मधलं अंतर दहा पावलांचं. तेवढी दहा पावलं चालायचा कंटाळा केला म्हणून पुढचं सगळं घडलं, असं त्याची बायको दर्शना आजही सांगते. डोंबिवलीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये आता हे सगळ्यांना पाठ झालं आहे.

झालं असं, की रविवारी सकाळी दर्शनाने माळ्यावरचं पुरणयंत्र काढून द्यायला सांगितलं. साईनाथ नुकताच बॅडमिंटन खेळून आला होता. रॅकेट हातातच होती. स्टुलाची कटकट कशाला, रॅकेटने जरा पुढे ओढलं की झालं, असा त्याने विचार केला. (पन्नाशीतल्या पुरुषाचं प्रत्येक संकट 'जरा' या शब्दाने सुरू होतं.) पुरणयंत्र पुढे आलं आणि न थांबता खालीही आलं. साईनाथने डोकं वाचवायला रॅकेट आडवी धरली. डोकं वाचलं, पण कट् असा आवाज झाला.

दर्शना धावत आली. "लागलं का कुठे?"

"फ्रेमला," साईनाथ रडवेल्या आवाजात म्हणाला.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय!"

पण साईनाथला स्वतःचं काहीच वाटत नव्हतं. ती रॅकेट म्हणजे स्विफ्टलाइन अठ्ठ्याऐंशी. अकरा वर्षं तो तिच्याशिवाय कोर्टवर उतरला नव्हता. त्याच्याकडे सांगण्यासारखा एकच फटका होता, तो म्हणजे बॅकहँड. हा बॅकहँड आपल्या हातात नसून त्या रॅकेटमध्ये आहे अशी त्याची पक्की खात्री होती. आणि पुढच्याच रविवारी, तो रोज खेळायचा त्या हॉलमध्ये 'शंभरी डबल्स' होती. दोघांच्या वयाची बेरीज शंभर किंवा जास्त, एवढीच अट. साईनाथ आणि महिपत ही जोडी गेली तीन वर्षं सेमीफायनलला हरत होती. यंदा हरलो तर लोक आपल्याला खेळाडू म्हणायचंच सोडून देतील, या भीतीने साईनाथला महिनाभर झोप नव्हती.

महिपत एमआयडीसीतल्या कारखान्यातून रिटायर झालेला फोरमन. हरणं फार मनाला लावून घेणारा. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "हात मोडला असता तर प्लॅस्टर घालून खेळला असतास रे! रॅकेट कशी मोडलीस?"

सोमवारपासून शोध सुरू झाला. डोंबिवलीतल्या तीन दुकानांनी एकच उत्तर दिलं, ते मॉडेल बंद झालं, काका. एकाने आपण होऊन नऊ नव्या रॅकेट काढून दाखवल्या. साईनाथने प्रत्येक हवेत फिरवून पाहिली. एक फार हलकी, एक फार कडक, एकीचा रंग पाहूनच त्याचा मूड गेला. नवव्या रॅकेटला पंख्याचं पातं लागलं तेव्हा दुकानदाराने प्रेमाने सुचवलं, की तुम्ही ठाण्याला का नाही बघत?

नाहीतरी साईनाथचं विमा कंपनीचं ऑफिस ठाण्यालाच होतं. बुधवारी ऑफिस सुटल्यावर तो नौपाड्यातल्या एका जुन्या दुकानात गेला. तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी मोडकी रॅकेट हातात घेतली आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"अठ्ठ्याऐंशी! बंद होऊनच आठ वर्षं झाली. पण एक पीस आहे. आमच्या दुकानाबाहेर शिवराम म्हणून गटिंग करायचे, रॅकेटची जाळी विणायचे हो. ते वारले. त्यांच्या मिसेस, केशरबाई, कळव्याला असतात. त्यांच्याकडे असेल."

"विकतील?"

"विकत नाहीत. देतात. पण माणूस बघून." मालक जरा पुढे वाकले. "आणि मिसेसना घेऊन जा. एकट्या पुरुषाला त्या दारातूनच परत लावतात."

आता असं ऐकल्यावर कोणाला राहवेल? माणूस बघून म्हणजे काय बघून? साईनाथने घरी येऊन आरशात पाहिलं. विशेष आशा वाटली नाही. दर्शनालाही आधी "मी कशाला?" असं वाटलं, पण रॅकेट देण्यासाठी माणसं पारखणारी बाई असते तरी कशी, हे तिलाही बघायचंच होतं.

गुरुवारी संध्याकाळी दोघं कळव्याला पोहोचली. साईनाथने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पेढे घेतले होते. केशरबाई सत्तरीच्या, ताठ, बोटांना जुने चरे पडलेल्या. त्यांनी दोघांना खुर्च्यांवर बसवलं, पोह्यांच्या बश्या पुढे ठेवल्या आणि समोर बसून साईनाथकडे टक लावून बघू लागल्या. आपण नेमके कुठल्या पक्षाकडून आलोय, मुलाच्या की मुलीच्या, हेच साईनाथला कळेना.

"खेळता किती?"

"रोज सकाळी, मावशी. दीड तास."

"हरल्यावर रॅकेट आदळता?"

"छे छे!"

दर्शनाला ठसका लागला. केशरबाईंनी तिच्यापुढे पाणी सरकवलं आणि विचारलं, "आधीची कशी गेली?"

हा प्रश्न त्यांनी इतक्या हळुवारपणे विचारला, की साईनाथला एकदम बिजवर झाल्यासारखं वाटलं. "स्मॅश मारताना," तो मान खाली घालून म्हणाला.

केशरबाईंनी मोडकी रॅकेट मांडीवर घेतली. चिरेवरून अंगठा फिरवला. "शटलनं अशी फ्रेम मोडत नाही. मार वरून बसलाय. लोखंडाचा."

साईनाथने घाईघाईने पोह्यांची बशी उचलली.

"पुरणयंत्राचा," दर्शना म्हणाली. (तेवीस वर्षांच्या संसारात बायका अशाच वेळी नेमक्या खरं बोलतात.)

केशरबाई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष आता मुठीकडे गेलं होतं. "ही एवढी जाड कशी?" म्हणत त्यांनी ग्रिप सोडायला घेतली. पिवळी निघाली. खाली निळी. निळीखाली हिरवी. नवी ग्रिप लावताना जुनी काढायची असते हे साईनाथला माहीत होतं, पण चांगली चालू वस्तू काढून फेकायची हे त्याच्या हातून कधी झालंच नव्हतं. तिघंही पुढे वाकून बघू लागली. पांढरी, परत निळी, एक तर चक्क सायकलच्या हँडलची. सातव्या थराखाली लाकूड दिसलं. काळं पडलेलं, ओलसर. केशरबाईंनी नख लावलं तर भुगा पडला.

"अकरा वर्षांचा घाम आत कोंडून ठेवलात. पुरणयंत्र पडलं नसतं तरी ही दिवाळी बघत नव्हती."

साईनाथला खरोखर वाईट वाटलं. आपण जिच्यावर एवढी माया केली तिला आपणच कुजवलं, हे त्याच्या जिवाला फार लागलं. तो खाली पडलेला भुगा बोटांनी गोळा करू लागला. ते बघून असेल, पण केशरबाई उठल्या आणि कपाटातून सुती पातळात गुंडाळलेली रॅकेट घेऊन आल्या. तीच. स्विफ्टलाइन अठ्ठ्याऐंशी. कोरी.

"ह्यांनी शेवटची विणलेली," त्या म्हणाल्या. "तिघं येऊन गेले. एकाला भिंतीवर लावायची होती. मी म्हटलं, चालते व्हा. ह्यांनी ती खेळायला विणली. या बाहेर पॅसेजमध्ये. पन्नास वेळा शटल उडवून दाखवा, खाली न पाडता."

पन्नास! साईनाथ मनात हसला. पण ज्या रॅकेटसाठी चार दिवस वणवण केली ती हातात आली आणि त्याची नजर शटल सोडून तिच्यावरच खिळली. पहिल्यांदा नऊला शटल पडलं. मग सहाला. तिसऱ्यांदा ते शेजाऱ्यांच्या दुधाच्या पिशवीत गेलं.

"बघू इकडे," दर्शना म्हणाली. मुठीची जाडी बघावी, एवढाच तिचा हेतू होता. तिने पदर खोचला आणि शटल उडवलं. टक्, टक्, टक्. केशरबाई मोजायला लागल्या. वीस झाले, चाळीस झाले, दर्शनाने मध्येच हात उलटा केला आणि बॅकहँडने उडवू लागली. ऐंशीला तिने शटल हातात झेललं, कारण साईनाथच्या तोंडाचा आ मिटत नव्हता.

"तू... कुठे शिकलीस?"

"कॉलेजच्या टीममध्ये होते मी. दोन वर्षं."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही विचारलंत कधी?"

रॅकेटचं वजन, तोल, लवचीकपणा, एकेका ग्रॅमची चौकशी चार दिवस करत फिरलेल्या साईनाथने शेजाऱ्यांची दुधाची पिशवी नीट लावायला घेतली. केशरबाईंनी दर्शनाच्या पदरात नारळ घातला आणि म्हणाल्या, "ही तुमची. जपून ठेवू नका, रोज खेळा."

साईनाथला तरीही आनंदच झाला. शेवटी नवरा-बायकोचं वेगळं असतं का काही? घर एक, कपाट एक. रात्री त्याने मनातल्या मनात सेमीफायनल जिंकूनही घेतली.

शुक्रवारी सकाळी उठून पाहतो तर दारामागे रॅकेट नाही. दर्शनाही नाही. तो धावत हॉलवर गेला. आत दर्शना आणि महिपत एका बाजूला होते आणि समोरची जोडी घामाघूम होऊन शटल वेचत होती.

"साईनाथ!" महिपत ओरडला. अकरा वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद साईनाथने पाहिला नव्हता. "अरे काय बॅकहँड आहे वहिनींचा! रविवारी ह्यांनाच घेतो, फॉर्मपण बदलून आलो. दोघांचे मिळून एकशे पाच होतात. तू मनाला लावून घेऊ नकोस हं."

साईनाथने दर्शनाकडे पाहिलं. तिचे केस कपाळाला चिकटले होते आणि ती कॉलेजातल्या मुलीसारखी धापा टाकत हसत होती. तिला नको म्हणायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ते हसू बघून त्याने गिळून टाकलं.

रविवारी ती जोडी सेमीफायनल जिंकली आणि मग फायनलही. साईनाथने एवढ्या टाळ्या वाजवल्या, की त्याचे तळहात लाल झाले. ट्रॉफी देताना फोटोसाठी गर्दी झाली तेव्हा तो आपणहून दर्शनाच्या शेजारी जाऊन उभा राहिला, ताठ, पोट आत घेऊन. नवऱ्याचा तेवढा हक्क असतोच.

फोटो काढणाऱ्या मुलीने मोबाइल खाली घेतला.

"काका, तुम्ही जरा बाजूला व्हा ना. रॅकेट दिसत नाहीये."